भर पावसात तहानलेली झाडे

कोकणात अंगणात हौसेने लावलेली मोरपंखी किंवा अरॉकेरिया, म्हणजे नर्सरीतले ‘ख्रिसमस ट्री’, ऐन श्रावणात तपकिरी पडू लागते. मग कोणी खत ओततो, कोणी दृष्ट लागली म्हणून फांदीला लिंबू-मिरची बांधतो. माती चिंब असली तरी ते झाड तहानलेले असते, आणि यातले काहीही त्याच्या मुळांना श्वास देत नाही.

मुळांना ऑक्सिजन मिळतो तो मातीच्या कणांमधल्या हवेतून. तिथे पाणी भरले की पुरवठा जवळपास थांबतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यात ऑक्सिजन सुमारे १०,००० पट मंद पसरतो. मग पेशी किण्वनावर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय साखर मोडून, दिवस काढतात. ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, तीसेक रेणू मिळायचे, तिथे आता फक्त २. पेशीरस आम्लधर्मी होतो. मुळांच्या पेशीपटलात पाण्यासाठी अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनांची दारे असतात. ती शोधणाऱ्या पीटर अ‍ॅग्री यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आम्लता वाढली की या प्रथिनातल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाला प्रोटॉन (हायड्रोजनचा धनभारित कण) चिकटतो, प्रथिनाचे एक वेटोळे वळून भोकावर येते आणि दार बंद! भोवती पाणीच पाणी, पण आत शिरत नाही. उघडीप पडून ऊन आले की पाने बाष्प सोडू लागतात आणि झाड सुकते. सदाहरित झाडाला पानगळ करून हा खर्च टाळता येत नाही. त्यात फायटोफ्थोरा हा मुळे कुजवणारा बुरशीसारखा सूक्ष्मजीव. त्याचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत पोहोचतात.

जांभ्यात खड्डा खोदणे म्हणजे बहुधा टाकी बांधणेच. आधी ४५ सेंमी खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेला पातळी तासाला अडीच सेंमीही उतरली नाही, तर तिथे उंचवटाच करा: ४५ सेंमी उंच, दीड मीटर रुंद. माती तिथलीच. शेणखत दहाव्या हिश्शाहून जास्त नको, ते कुजले की उंचवटा खचतो. तळाला खडी अजिबात घालू नका. बारीक मातीतले पाणी ती पुरती भिजल्याशिवाय खडीच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही, म्हणून ओल उलट मुळांजवळ सरकते. बुंधा मातीत पुरू नका. लागवड पाऊस ओसरल्यावर करा. उंचवटा लवकर सुकतो, तेव्हा उन्हाळाभर पाणी आणि पालापाचोळ्याचे आच्छादन हवे, बुंध्यापासून वीतभर दूर.

एवढा खटाटोप नको असेल, तर ओढ्याकाठी आपसूक वाढणारा सीता अशोक लावा. तोही सदाहरितच आहे, आणि फुलतोही देखणा.