स्थायी समिती (महानगरपालिका)

महानगरपालिकेची कंत्राटे, खर्च व अंदाजपत्रक ज्यांच्या मान्यतेवाचून पुढे सरकत नाही, अशा नगरसेवकांची वैधानिक समिती. मुंबईत ती १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार, तर पुणे, नाशिक, ठाणे आदी शहरांत १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार काम करते. महापालिका, स्थायी समिती व आयुक्त ही दोन्ही कायद्यांत वेगवेगळी प्राधिकरणे आहेत. त्यामुळे स्थायीला सर्व नगरसेवकांच्या सभागृहाची उपसमिती समजणे चूक ठरते.

१९४९ च्या कायद्यानुसार समितीत १६ सदस्य असतात. पक्षांच्या तौलनिक संख्याबळानुसार जागा वाटल्या जातात आणि गटनेत्यांनी सुचवलेली नावे सभागृहात जाहीर होतात. दरवर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कोणी बाहेर पडायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरते. अध्यक्षाची निवड सदस्य आपल्यातूनच करतात. महापौरपदाला मान मोठा, पण मुरलेल्या नगरसेवकाचा डोळा बहुधा स्थायीच्या अध्यक्षपदावर असतो.

ठराविक रकमेपुढील कंत्राटाला याच कायद्याच्या कलम ७३ नुसार स्थायीची पूर्वमान्यता लागते. संबंधित खाते प्रस्ताव तयार करते, आयुक्तांच्या मान्यतेने तो नगरसचिव कार्यालयाकडे जातो आणि विषयपत्रिकेवर येतो. समिती तो मंजूर करते, उपसूचनेसह (दुरुस्तीसह) मंजूर करते, फेरविचारासाठी परत पाठवते किंवा दप्तरी दाखल करते, म्हणजे नाकारून बाजूला ठेवते. याखेरीज विषय पुढच्या बैठकीवर ढकलण्याचा मार्ग असतो, आणि समितीचा खरा दबाव तिथेच आहे: नकाराला कारण द्यावे लागते, पुढे ढकलण्याला सहसा कोणी विचारत नाही. आयत्या वेळी दाखल झालेल्या विषयांची गत उलटी. कागद सदस्यांच्या हाती पडेपर्यंत ठराव झालेला असतो.

अंदाजपत्रक प्रथम आयुक्त स्थायीला सादर करतात. समिती त्यात फेरफार करते आणि अध्यक्ष ते सभागृहाच्या मुख्य सभेपुढे मांडतात. करांचे दर मात्र १९४९ च्या कायद्यानुसार २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. समितीच्या टप्प्यावर अंदाजपत्रकाचा आकडा बहुधा फुगतो, कारण प्रत्येक नगरसेवकाला आपल्या प्रभागातील गटार, पदपथ, समाजमंदिर यांसाठी तरतूद हवी असते. पुण्यात अशा प्रभागनिहाय कामांची ‘स’ यादी असते. वर्ष संपत आले की एका कामाचा निधी दुसऱ्याकडे वळवण्यासाठी ‘वर्गीकरणा’च्या प्रस्तावांची रीघ लागते. मूळ अंदाजपत्रकावरील लांबलचक भाषणांपेक्षा या प्रस्तावांवरून शहराच्या खर्चाची दिशा अधिक कळते.

विधी, शहर सुधारणा, महिला व बालकल्याण यांसारख्या समित्यांचे विषय पैशांशी निगडित झाले की स्थायीकडेच वळतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या प्रभाग समित्यांचे आर्थिक अधिकार तुटपुंजेच राहिले.

२०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली व निवडणुका लांबल्या. त्या काळात प्रशासक म्हणून आयुक्तच स्थायी समिती व सभागृह या दोहोंचे अधिकार वापरत होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता. एरवीही ठराव अंतिम असतोच असे नाही. १९४९ च्या कायद्याच्या कलम ४५१ नुसार राज्य सरकार तो निलंबित करून पुढे विखंडित (रद्द) करू शकते, आणि सभागृहात संख्याबळाने हरलेला पक्ष राज्यात सत्तेवर असेल तर हा मार्ग त्याला चांगलाच ठाऊक असतो.