पार्श्वभूमी : बर्फातल्या वाटेवरच्या पाट्या

बडोद्यात थंडी पडली म्हणजे काय, तर कमाटी बागेत सकाळी फिरणाऱ्यांच्या कानाला मफलर आणि घरोघरी उंधियू. त्यामुळे कॅनडातल्या ओंटारिओत शिकायला गेलेल्या भाच्याने स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी लहान गाडी, चालवायला घेतली, तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरात पहिला प्रश्न आईनेच विचारला : "सगळं पांढरंच ना रे, मग वळण आलं हे कळतं कसं?" आईचा प्रश्न नेमका होता. हे वाहन निघाल्यावर कित्येक वर्षं त्याला उत्तर नव्हतं, कारण त्याच्यासाठी आखलेली वाटच नव्हती.

मुळात ते निघालं वाट नसेल तिथे जाण्यासाठी. कॅनडाच्याच क्वेबेक प्रांतातल्या व्हालकूर गावचे मेकॅनिक जोसेफ-आर्मां बोंबार्दिए पोरवयापासून बर्फावर चालणारी गाडी जुळवत होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. रस्ते बर्फाखाली होते आणि वर्कशॉपमधली गाडी अजून चालण्याजोगी झाली नव्हती. १९३७ मध्ये त्यांनी दातेरी चाक आणि पट्ट्याच्या जोडणीचं पेटंट मिळवलं आणि सात जणांची बंदिस्त गाडी काढली. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं, सगळे तीतून जात. पण १९४८ मध्ये क्वेबेकने रस्त्यांवरचा बर्फ काढणं बंधनकारक केलं आणि मागणी घसरली. मग १९५९ मध्ये आली लहानशी, उघडी 'स्की-डू'. गरज मागे पडली, हौस पुढे आली.

१९७१ च्या सुमारास उत्तर अमेरिकेत वर्षाला जवळपास ५ लाख गाड्या खपत होत्या. लोक शेतातून, गोठलेल्या तळ्यांवरून, रेल्वेच्या रुळांकडेने वाटेल तसे धावत. कुंपणाची तार अंधारात दिसत नसे. शेतकरी वैतागले. तेव्हा चालवणाऱ्यांच्या क्लबांनी आणि सरकारांनी वाटा आखायला घेतल्या. रस्ता नको म्हणून काढलेल्या गाडीला शेवटी रस्ता लागलाच, आणि त्याच्यामागोमाग पाट्याही.

या पाट्या हायवेवरूनच उसन्या आणल्या. १९२३ च्या सुमारास अमेरिकेच्या काही राज्यांच्या रस्ते खात्यांनी आकारांची भाषा ठरवली होती : जितक्या बाजू जास्त, तितका धोका मोठा. साध्या इशाऱ्याला चौकट आकार (पत्त्यातली चौकट), थांबण्यासाठी अष्टकोन, रेल्वे फाटकासाठी गोल (म्हणजे अगणित बाजू). बर्फात ही युक्ती फारच कामाला आली. ओला बर्फ पाटीवर चिकटला की अक्षरं जातात, पण अष्टकोन राहतो. मिशिगन, मिनेसोटा भागात लहान नारिंगी चौकट म्हणजे "तुम्ही वाटेवरच आहात" असा दिलासा; पिवळी दिसली की पुढे काहीतरी आहे.

मात्र पाटी वेळेवर दिसली तरच उपयोग. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते, आणि रात्री दिव्याचा उजेड संपतो तिथेच नजर संपते. ओंटारिओत अशा आखलेल्या वाटांवर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा आहे, ती उगीच नाही. हेल्मेटही सक्तीचं. तळ्यावर तर पाटीचा भरवसा आणखी कमी. स्नोमोबाइलसाठी नवा, स्वच्छ बर्फ निदान ५ ते ७ इंच जाड हवा असं सांगतात. पांढुरका असेल तर दुप्पट. पण खाली पाणी वाहतं असेल तर जाडी चार पावलांवर बदलते, आणि ते कुठल्याही फळ्यावर लिहून ठेवता येत नाही.

जिथे पाटी नाही, तिथे हात. इंजिनच्या आवाजात ओरडून काही कळत नाही. डावा हात सरळ वर केला तर थांबा. अंगठा खांद्यावरून मागे दाखवला तर मागे आणखी गाड्या आहेत. मूठ वळून वर धरली तर हा शेवटचा. डावाच का, तर उजव्या अंगठ्याखाली थ्रॉटल (वेग देणारा खटका) असतो. आम्ही इथे स्कूटरवरून उजवा हात दाखवायला शिकलो, तोही थ्रॉटल सोडून! भाचा पहिल्या दिवशी तेच करत होता म्हणे, आणि गाडी जागीच मंदावत होती.

आता तो क्लबाबरोबर पाट्यांचे खांब रोवायलाही जातो. वाटेचा बराच भाग शेतकऱ्यांच्या जमिनीतून, त्यांच्या परवानगीवर चालतो. म्हणून बर्फ वितळायला लागला की नांगर फिरायच्या आत हेच लोक खांब उपटतात आणि पाट्या पुसून पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवून देतात.