मूल निरोप्या होतं तेव्हा

बाळ गाढ झोपलेलं आहे, एमआरआय यंत्रात. कानावर हेडफोन, आणि त्यातून एक पुरुषी आवाज निरर्थक वाक्यं म्हणतोय. कधी आनंदी सुरात, कधी साध्या, कधी चिडून. शब्दांना अर्थच नाही, म्हणजे फरक पडला तर तो सुराचाच. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात ॲलिस ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी सहा ते बारा महिन्यांच्या बाळांवर हा प्रयोग केला, 2013 मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या घरांत आईबाबांचे खटके जास्त उडत (हे आयांनीच सांगितलेलं), तिथल्या बाळांच्या मेंदूतले ताण आणि भावना हाताळणारे काही भाग चिडक्या सुराला जास्त जोरात प्रतिसाद देत होते. झोपेत! बाळं मोजकीच होती, त्यामुळे त्यावर फार इमले बांधू नयेत. पण ‘लहान आहे अजून, त्याला काय कळतंय’ हे वाक्य तेव्हापासून माझ्या तोंडून निघत नाही.

दुसरं एक वाक्य आपल्याकडे त्याहून जास्त चालतं. ‘मुलांसाठी तरी एकत्र राहा.’ पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ यांनी 1991 मध्ये 92 अभ्यास एकत्र करून, सुमारे 13,000 मुलांची माहिती तपासली. घटस्फोट झालेल्या घरांतली मुलं अभ्यासात, वागण्यात, मनःस्वास्थ्यात सरासरीने मागे होती हे खरं, पण तो फरक लोक समजतात त्याहून बराच लहान निघाला. शिवाय, एकाच छपराखाली राहून सतत भांडणाऱ्या आईबापांच्या मुलांची अवस्था विभक्त झालेल्यांच्या मुलांपेक्षाही वाईट दिसली. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी अमेरिकी कुटुंबांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. घटस्फोटित घरांतल्या साधारण 25 टक्के मुलांना गंभीर अडचणी आल्या, इतर घरांत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास होतं. धोका दुपटीहून जास्त, आणि तरीही चारांतली तीन मुलं सावरली. वकील पहिला अर्धा भाग सांगतो की दुसरा, हे तो कुणाच्या बाजूने उभा आहे त्यावर ठरतं.

मग मुलांना नेमकं बाधतं काय? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी घटस्फोटित घरांतल्या 10 ते 18 वर्षांच्या पाचशेहून अधिक मुलांना विचारलं, ‘तुला दोघांच्या कात्रीत सापडल्यासारखं वाटतं का?’ ज्यांचे आईबाप एकमेकांशी वैर धरून होते त्यांना तसं जास्त वाटे, आणि अशा मुलांत नैराश्य आणि वागण्याच्या तक्रारीही जास्त दिसल्या. ही कात्री बाहेरून दिसते फार किरकोळ. ‘बाबांना सांग फी भरायचीय.’ ‘आईला विचार, शनिवारी कुठे गेली होती.’ मूल निरोप्या होतं. निरोपातला सूर त्याला कळतो, तो गाळून पुढे कसा द्यायचा हेही ते शिकतं. त्याहून लहान मुलांची वेगळीच पंचाईत असते: जगात जे घडतं त्याचं कारण आपणच, असं त्यांना वाटतं. ‘मी भाजी टाकली म्हणून बाबा गेला.’ ‘यात तुझी काही चूक नाही’ हे त्यांना एकदा सांगून पुरत नाही.

आता कायदा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीने घटस्फोटाचं कलम 13-ब 1976 मध्ये आलं. आधी वर्षभर वेगळं राहणं, मग दोघांचा एकत्र अर्ज, मग किमान सहा महिने थांबणं. समेटाची शक्यताच उरली नसेल तर हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अमरदीप सिंग खटल्यात सांगितलं. मुलाच्या ताब्याबाबत 1956 चा पालकत्व कायदा म्हणतो की पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असावं. पण त्याच कायद्यात मुलाचं हित सर्वांत वर ठेवलं आहे, त्यामुळे ‘पाचाच्या वर गेला की बापाचा’ हा समज चुकीचा. मुलं म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हे आणि खेळणंही नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच बजावलं होतं. ताब्याचा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो. मूल वाढतं, परिस्थिती पालटते, आदेशही बदलून मागता येतो.

निम्मे दिवस इकडे, निम्मे तिकडे, ही व्यवस्था स्वीडनमध्ये रुळलेली आहे. तिथे सहावी आणि नववीतल्या सुमारे दीड लाख मुलांच्या पाहणीत (2015) दोन्ही घरी राहणाऱ्यांना पोटदुखी, डोकेदुखी, झोप न लागणं असे त्रास एकाच पालकाकडे राहणाऱ्यांपेक्षा कमी दिसले. म्हणून लगेच निम्मे-निम्मे मागायला धावू नये. जे आईबाप मुळात एकमेकांशी नीट बोलू शकतात तेच ही व्यवस्था निवडत असणार. स्टॅनफर्डच्या अभ्यासात तर दोन्ही घरी राहणाऱ्या मुलांवरच आईबापांच्या वैराचा परिणाम सर्वाधिक होता. आणि जिथे मारहाण आहे तिथे हा सगळा हिशेबच वेगळा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, भेट घातक वाटली तर नाकारूही शकतात.

या विषयातला माझा सर्वांत आवडता अभ्यास रॉबर्ट एमरी यांचा. ताब्यासाठी न्यायालयात आलेल्या 71 कुटुंबांपैकी कुणी मध्यस्थाकडे जायचं आणि कुणी खटला लढायचा, हे त्यांनी दैवावर सोडलं. मध्यस्थासोबतच्या बैठका सरासरी अवघ्या पाच तासांच्या. बारा वर्षांनी पाहिलं तर मध्यस्थीच्या गटात, वेगळे राहणारे पालक मुलांना आठवड्यातून एकदा तरी भेटण्याचं प्रमाण खटलेवाल्यांच्या जवळपास तिप्पट होतं.

माझ्या एका मित्राच्या कन्सेंट टर्म्स, म्हणजे घटस्फोटासाठी दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटी, मी वाचल्या आहेत. फ्लॅट, सोनं आणि गाडीच्या हप्त्यांवर तीन पानं. मुलीवर दोन ओळी: दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी 11 ते संध्याकाळी 5. समुपदेशक बाईंनी त्या दोन ओळींवर बोट ठेवलं आणि दोघांना पुन्हा बसवलं. शाळेच्या सूचना दोघांच्या फोनवर थेट येतील, पैशांचं आणि औषधांचं मुलीमार्फत बोलायचं नाही, ही कलमं तेव्हा वाढली.

पहिल्या भेटीच्या शनिवारी मी गाडीत त्याच्या शेजारी होतो. मुलगी खाली आली, मागे बसली आणि सवयीने म्हणाली, “आईने सांगितलंय की...” तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तिकडून तिची आईच होती. खोकल्याचं औषध किती द्यायचं, जेवणाआधी की नंतर, यावर दोघांची जरा वादावादीही झाली. मुलगी खिडकीच्या काचेवर वाफ सोडून त्यावर बोटाने मांजर काढत होती.