ईसीजी नॉर्मल, तरी छातीत धडधड: चिंतेवरच्या उपचारांची पार्श्वभूमी

रात्री दोनला जाग आली ती छातीतल्या धडधडीने. तळहातांना घाम, घशाला कोरड, आता आपलं काही खरं नाही असं वाटायला लागलं. घरच्यांनी रिक्षा करून दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला. “नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका,” म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलं. तो गुलाबी चौकटींचा कागद पुढे कितीतरी महिने माझ्या पाकिटात होता. जीव घाबरा झाला की काढून बघायचो. दहा मिनिटं बरं वाटायचं आणि मग शंका यायची: हा कागद त्या रात्रीचा, आजचं काय?

हृदयाचा संशय घेऊन डॉक्टरकडे जाणारे आपण पहिले नव्हे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जेकब मेंडेस दा कोस्टा या फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांकडे असे सैनिक येत. धडधड, धाप, छातीत दुखणं, थकवा अशा त्यांच्या तक्रारी असत, पण त्या पटतील असा हृदयाचा दोष सापडत नसे. तीनशेहून अधिक सैनिकांच्या तपासणीवरून त्यांनी १८७१ साली लेख लिहिला आणि या अवस्थेला ‘इरिटेबल हार्ट’, म्हणजे चिडकं हृदय, असं नाव दिलं. नाव हृदयाचंच राहिलं. १८९५ साली व्हिएन्नात फ्रॉइडने चिंतेच्या विकाराला नसांच्या थकव्यापासून वेगळं काढलं. तोवर धडधड, घाम, कापरं, श्वास अडकणं हे सगळं ‘नसा कमकुवत’ या एकाच गाठोड्यात होतं. आपल्याकडे ते अजूनही तिथेच ठेवणारे भेटतात.

उपचारांच्या इतिहासातली मला सर्वांत जवळची गोष्ट १९२४ सालची. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांच्याकडे पीटर नावाचं जेमतेम तीन वर्षांचं पोर होतं. ते सशाला घाबरायचं. त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा, असं त्यांनी सुरू केलं. पोराला सोसवेल तसा पिंजरा जवळ येत गेला, मध्येच घाबरलं तर पुन्हा मागे. शेवटी पीटर सशाला हाताने कुरवाळायला लागला. ‘घाबरू नकोस’ या समजावणीने जे होत नव्हतं ते हळूहळू सामोरं जाण्याने झालं. दक्षिण आफ्रिकेतले मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली याच धाग्यावर रीतसर पद्धत मांडली: आधी शरीर सैल सोडायला शिकायचं, मग भीतीच्या एकेक पायरीला कल्पनेत सामोरं जायचं.

अल्बर्ट एलिस यांनी हा प्रयोग स्वतःवर केला होता, तोही मानसशास्त्रज्ञ होण्याच्या बऱ्याच आधी. मुलींशी बोलायची त्यांना धास्ती. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं ठरवलं. बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायचं. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे शंभर जणींशी बोलणं झालं, एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण कोणी मारलं नाही, पोलीस बोलावले नाहीत. भीती मात्र गेली. पुढे १९५५ साली त्यांनी आपली उपचारपद्धत मांडली. प्रसंग आपल्याला थेट घाबरवत नाही, त्या प्रसंगाबद्दल आपण मनात जे बोलतो ते घाबरवतं, हा तिचा गाभा. साठच्या दशकात मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी विचारांवर काम करणारी आपली पद्धत उभी केली, तीही फिलाडेल्फियातच.

त्याच काळात चिंता शमवणाऱ्या गोळ्याही आल्या: १९६० साली लिब्रियम, १९६३ साली व्हॅलियम. त्यांनी आराम पडतो हे खरं, आणि सवय लागते हेही पुढे कळलं. आज डॉक्टर वेगळ्या प्रकारची औषधंही देतात, अनेकांना ती लागतात, आणि ती घेण्यात कमीपणा नाही. मनाने बंद मात्र करू नयेत.

धडधडीचं कोडं नीट उलगडलं ते १९८६ साली, इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांच्या मांडणीने. ठोका थोडा वाढतो, ‘हा ॲटॅक’ असं मन म्हणतं, त्या विचाराने ठोका आणखी वाढतो, आणि मनाला वाटतं, बघ, खरंच होतं! मग आपण बसून घेतो, पाणी पितो, नाडी बघतो. वाचलो ते त्यामुळेच, असं वाटतं, म्हणून भीती तशीच राहते. पाकिटातल्या कागदाचं काम मला इथे कळलं.

मराठीत हे ज्ञान आलं ते माणसांच्या चिकाटीने. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलींच्या योगविचारावर आधारलेले उपचार रुग्णांसाठी वापरून अभ्यासले. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून त्यांची पद्धत आत्मसात केली आणि इथे शिकवली. त्या पद्धतीच्या मराठी नावातला ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द आज समुपदेशकांच्या तोंडी सहज असतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच विमा संरक्षण देणं बंधनकारक केलं, तरी दर आठवड्याच्या फीचा प्रश्न बहुतेकांचा सुटलेला नाही, आणि हे मला फार डाचतं. २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे फोन करायला पैसे पडत नाहीत.

माझ्या थेरपिस्टने पाचव्या भेटीत कागद घरी ठेवून यायला सांगितलं. मग मी चार मजले भराभर चढलो. वर पोचल्यावर नाडी बघायची नाही, कठडा धरायचा नाही, नुसतं उभं राहायचं. छाती धडधडत होती, कानात ठोके ऐकू येत होते. थेरपीसाठी ठेवलेल्या वहीत ‘विचार’ या रकान्यात मी लिहिलं: जिने चढलो म्हणून.