सतरंजी गुंडाळली जाऊ नये म्हणून

योगासनं जोमानं सुरू करायची आणि महिन्याभरात सतरंजी गुंडाळून ठेवायची, हा आरंभशूरपणा आपल्यापैकी अनेकांना ओळखीचा आहे. त्यावरचं सूत्र जुनंच आहे. पतंजली म्हणतात, अभ्यास दृढ होतो तो ‘दीर्घकाल-नैरंतर्य-सत्कार’ या तिन्हींनी; म्हणजे पुष्कळ काळ, खंड न पाडता आणि आदरानं केल्यानं.

पण हे नैरंतर्य संसारी माणसानं साधायचं कुठे? पंधराव्या शतकातला हठयोगाचा ग्रंथ ‘हठप्रदीपिका’; ती साधकाला एकांतातली लहानशी मठी सांगते, विद्या गुप्त ठेवायला सांगते. पोराबाळांच्या घरात ती मठी कुठून आणायची?

हे दार उघडलं ते नर्मदाकाठच्या मालसरच्या परमहंस माधवदासांच्या दोन शिष्यांनी. योगेंद्रजींनी १९१८मध्ये मुंबईत वर्सोव्याला ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली, तीच गृहस्थांसाठी. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसनं, बंध, क्रिया थेट प्रयोगशाळेत नेल्या. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू आवळून फिरवण्याची क्रिया, करताना मोठ्या आतड्यातला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा खाली जातो, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचं नाव दिलं. मला हे फार मोलाचं वाटतं. गुरूवरची निष्ठा आणि मोजमापाचा काटेकोरपणा एकाच माणसात नांदत होता. ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून हे सारं छापून येऊ लागलं आणि गुप्त विद्या वाचणाऱ्याच्या हाती आली.

बी. के. एस. अय्यंगार १९३७मध्ये गुरूंच्या आज्ञेनं पुण्यात शिकवायला आले, तेव्हा ते विशीचेही नव्हते. लहानपणी आजारांनी पोखरलेलं त्यांचं शरीर आसनांनीच सावरलं होतं. पुढे त्यांनी दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या वापरून ताठरलेल्या पाठीला आणि दुखऱ्या गुडघ्यालाही आसनात जागा करून दिली. आपल्याला जमत नाही म्हणून सोडून देणारे किती जण त्यामुळे टिकले असतील!

ध्यानाची वाट ब्रह्मदेशातून आली. सयाजी ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका १९६९मध्ये भारतात आले. पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. तिथं दहा दिवस मौन पाळून विपश्यना शिकायची. घरी परतल्यावर मात्र रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायचं, असं साधकाला सांगितलं जातं.