वृक्षसंरक्षण : ठाणे व नवी मुंबई

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात झाड तोडण्याची परवानगी कोणाकडे मागायची, हे मुख्यतः ते झाड कुठे उभे आहे यावर ठरते. रस्ता, उद्यान, सोसायटीचे आवार किंवा खासगी भूखंड यांवरील झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येत असल्याने तिथे वन विभागाचा अंमल चालतो. खाडीकाठच्या खारफुटीचे नियम आणखी निराळे आहेत.

१९७५ च्या कायद्यानुसार प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असते आणि आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे हे प्राधिकरणाचे एक काम. रोजचा कारभार वृक्ष अधिकारी पाहतो. नुसती कुऱ्हाड चालवणेच नव्हे, तर झाड जाळणे किंवा अन्य प्रकारे त्याला इजा करणे हाही गुन्हा ठरतो. मुळाशी ॲसिड ओतून झाड ‘आपोआप’ वाळवण्याची युक्ती त्यातून सुटत नाही. अर्ज आला की जागेची पाहणी होते, वृत्तपत्रात जाहीर सूचना निघते आणि तीच सूचना झाडावरही लावली जाते. बुंध्यावरचा हा कागद पार्किंगच्या गर्दीत सहसा कोणी वाचत नाही. पण हरकत घेण्याची संधी रहिवाशांना मिळते ती याच टप्प्यावर, त्यामुळे सगळ्या प्रक्रियेत त्याचे मोल सर्वाधिक आहे.

मूळ कायद्यात १,००० ते ५,००० रुपये दंड आणि एक आठवडा ते एक वर्ष कैद अशी शिक्षा होती. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचे भाव पाहता या दंडाचा बिल्डरला धाक वाटणे कठीणच. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ मानले आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी झाडे लावण्याची अट घातली. आता झाडाचा जन्मदाखला नसतो. घेर मोजून वयाचा अंदाज बांधावा लागतो आणि वाद तिथेच सुरू होतो. शिवाय नौपाड्यातली साठ वर्षांची चिंच गेली, तर साठ रोपे लावायला नौपाड्यात जागा कुठून आणायची? रोपे दूर कुठेतरी लागतात, सावली मात्र गेली ती गेलीच. नवी मुंबईची अडचण वेगळी. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची, त्यामुळे नियोजित सेक्टरांतली रस्त्याकडेची बहुतेक झाडे पन्नाशीच्या अलीकडची आहेत. वयाच्या निकषाचा खरा लाभ जुन्या ठाण्यातल्या आणि गावठाणांतल्या वड-पिंपळांना होतो.

खारफुटीला सर्वांत कडक संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकालाने तिच्या तोडीवर राज्यभर बंदी घातली. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पालाही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकाम वा भराव चालत नाही. खारफुटीच्या (म्हणजेच कांदळवनाच्या) रक्षणासाठी राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो. तरीही खारफुटी मरते ती बऱ्याचदा न तोडता : रात्री डंपर डेब्रिज टाकून जातात, भरतीच्या पाण्याची वाट बुजते आणि झाडे उभ्या उभ्या सुकतात. अशा प्रकरणांवर देखरेख करणारी समिती न्यायालयाच्या आदेशानुसार कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नेमलेली आहे. आयुक्तांचे कार्यालय सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात आहे.