गोटीएवढा गोळा आणि मे महिन्याचं ऊन

मागच्या दिवाळीत काटोलकडचा माझा मावसभाऊ घरी आला आणि फराळाचं ताट समोर येण्याआधीच म्हणाला, "दादा, पेंटबॉलच्या गना घ्याच्या हायेत. सगळ्यात जास्त पावरवाली कोनती, तेवढं सांग." संत्र्याच्या बागेला लागून त्याचं दोन एकर वावर पडीक आहे. हुरड्याच्या दिवसांत नागपूरची मंडळी येतात, खातात आणि मग पोरं कंटाळतात. त्या पोरांसाठी त्याला हा खेळ उभा करायचा होता: रंग भरलेले गोळे गनेने एकमेकांवर मारायचे. मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो, म्हणून नात्यातल्या मोटारपंपापासून इन्व्हर्टरपर्यंतचे सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. हाही आला.

मी त्याला म्हटलं, "सगळ्यांची पावर सारखीच असते, आणि असायलाच पाहिजे." त्याला वाटलं, मी टाळतो आहे.

ही बंदूक मुळात खेळासाठी जन्मलीच नव्हती. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या नेल्सन या रंगाच्या कंपनीला वनरक्षकांसाठी एक साधन हवं होतं: ओढ्यापलीकडच्या, झुडपात अडकलेल्या झाडावर लांबूनच खूण करता यावी. डेझी या एअरगन बनवणाऱ्या कंपनीने त्यांना 'नेलस्पॉट ००७' हे पिस्तूल बनवून दिलं. गुराखीही ते गाईगुरांवर खूण करायला वापरू लागले. आपल्याकडे सागाच्या कूपात तोडायच्या झाडावर हातोड्याचा ठसा उठवतात, पोळ्याला बैलाच्या अंगावर गेरूचे ठिपके काढतात. काम तेच, फक्त हात लांब झाला. पुढे २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावी बारा जणांनी त्या पिस्तुलांनी जंगलात झेंडे गोळा करण्याचा पहिला खेळ खेळला. जिंकणारा व्यवसायाने वनकर्मी होता आणि त्याने एकही गोळी झाडली नाही. खूण करायच्या त्या मूळ कामावरून या धंद्यातली माणसं तिला 'मार्कर' म्हणतात. आपण गनच म्हणू, कारण काटोलात मार्कर मागितला तर फळ्यावर लिहायचा मिळेल.

आता पावरचा हिशेब. नेहमीच्या पेंटबॉलचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे साधारण १७ मिलिमीटर. खेळायच्या काचेच्या गोटीएवढा, पण वजन तीनच ग्रॅम. मैदानांवर वेगाची वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी सेकंदाला ३०० फूट धरतात. पुष्कळ मैदानं २८० वरच थांबतात. ३०० फूट म्हणजे सेकंदाला ९१ मीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, या अकरावीच्या सूत्रात आकडे टाकले की उत्तर येतं सुमारे साडेबारा ज्यूल. किलोभर साखरेची पिशवी छातीच्या उंचीवरून पायावर पडली तर जेवढी ऊर्जा, तेवढीच. मळ्यातल्या माळ्यावरून पाखरं हाकलायला गोफणीने भिरकावलेल्या शंभर ग्रॅमच्या दगडात याच्या तिप्पट ऊर्जा सहज असते.

मावसभाऊ लगेच म्हणाला, "मंग त कमीच हाय का!" इथेच गफलत होते. साध्या एअरगनचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटरने सुटला तर त्याची ऊर्जा दहा ज्यूल, म्हणजे पेंटबॉलपेक्षा कमीच. तरी छर्रा कातडीत शिरतो आणि पेंटबॉल काळानिळा वळ ठेवून फुटतो. छर्ऱ्याचा व्यास साडेचार मिलिमीटर, त्यामुळे गोळ्याचं क्षेत्रफळ त्याच्या जवळपास पंधरा पट भरतं आणि मार तेवढा पसरतो. शिवाय गोळ्याचं जिलेटिनचं कवच फुटताना थोडी ऊर्जा खातं आणि रंग बाजूला उडतो. गोळा न फुटता टप्पा खाऊन परत गेला तर जास्त लागतो, कारण परत जाताना तो जवळपास दुप्पट संवेग (वस्तुमान गुणिले वेग) अंगाला देऊन जातो. म्हणूनच गोळे फ्रीजरमध्ये कडक करून मारणं, किंवा बाजारात मिळणारे रबराचे, नायलॉनचे भरीव गोळे खेळात वापरणं हा मूर्खपणा आहे. एरवी मी असा शब्द वापरत नाही.

मग ३०० ची मर्यादा आली कुठून? मांडीवर, पाठीवर बसणाऱ्या मारापेक्षा ती डोळ्यामुळे महत्त्वाची आहे. लेदरचा क्रिकेटचा चेंडू डोळ्यावर बसला तर कपाळाचं आणि गालाचं हाड बराचसा मार झेलतं, कारण चेंडू सात सेंटीमीटरचा आणि डोळ्याची खोबण साधारण चारची. चेंडू खोबणीच्या काठावर अडतो. गोटीएवढा पेंटबॉल मात्र हाडाला न शिवता सरळ बुबुळावर जातो, आणि तिथे साडेबाराच काय, त्याहून कितीतरी कमी ज्यूलही दृष्टी घालवायला पुरतात. अंतर वाढलं की वेग लवकर पडतो, कारण गोळा हलका आणि गोल. हवा त्याला मागे खेचते. ढोबळ हिशेबाने वीस मीटरवर वेग सेकंदाला साठ मीटरपर्यंत उतरतो आणि ऊर्जा निम्म्याहून कमी होते. डोळ्यासाठी ती उरलेली निम्मीही पुष्कळ आहे.

वेगाचा वर्ग होतो, हे विक्रेते सांगत नाहीत. गन ३०० ऐवजी ३५० वर गेली तर ऊर्जा ३६ टक्क्यांनी वाढते, ४०० वर गेली तर पावणेदोन पटीच्या वर. आणि मिळतं काय? नेम सुधारत नाही, उलट नळीतच गोळा फुटायचं प्रमाण वाढतं. म्हणजे गनेचे पैसे पावरसाठी मोजायचेच नाहीत. प्रत्येक गोळा आधीच्याच वेगाने बाहेर पडावा, यासाठी मोजायचे. स्वस्त गनेत एक गोळा २६० ने, दुसरा ३१० ने सुटतो. चांगल्या गनेत सलग दहा गोळे पाच-दहा फुटांच्या फरकात राहतात. नेम यातून येतो, सुरक्षाही यातूनच येते. हे पाहायला क्रोनोग्राफ नावाचं वेग मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते मैदानावर असलंच पाहिजे. दूधसंकलनाला फॅट मोजायचं मशीन जसं.

बोअरच्या पंपाचं सील बदलणाऱ्या माणसाला पेंटबॉल गनेचं पोट पाच मिनिटांत समजेल. आत एक व्हॉल्व्ह, एक हॅमर, स्प्रिंग आणि चारसहा ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या. गावात चालवायची तर साधी मेकॅनिकल सेमी-ऑटोमॅटिक घ्यावी: ट्रिगर एकदा ओढला की एक गोळा. बॅटरीवरच्या इलेक्ट्रॉनिक गना भराभर मारतात, पण काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल त्यांना सोसत नाही, आणि बिघडली तर बोर्ड मागवावा लागतो. ओ-रिंग मात्र हार्डवेअरच्या दुकानातही मापाने मिळते. पोरं लहान असतील तर अर्ध्या इंचाच्या गोळ्याची गन बघावी. तिचा गोळा सव्वा ग्रॅमच्या आसपास, ऊर्जा पाच ज्यूलच्या घरात.

खरा घोळ गॅसचा आहे, आणि तोही आपल्याकडेच जास्त.

स्वस्त गना कार्बन डायऑक्साइडवर चालतात. बाटलीत तो द्रवरूपात असतो आणि जितका वापराल तितका उकळून वायू होत राहतो, म्हणून दाब बराच वेळ टिकतो. पण तो दाब तापमानावर ठरतो. १० अंशांना तो ४५ बार, ३० अंशांना ७२ बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). डिसेंबरच्या सकाळी हुरडा भाजता भाजता २८० वर लावलेली गन, तिला नीट दाब-नियंत्रक नसेल तर, मार्चच्या दुपारी ३०० च्या पुढे सहज निघून जाते. वेग ठरवणाऱ्या स्क्रूला कोणी हातही लावलेला नसतो.

पुढे तर गंमत राहत नाही. ३१ अंश हे कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान. त्याच्या वर कितीही दाबा, तो द्रव होत नाही. आणि मे महिन्यात काटोल-नरखेडला सावलीतच ४५ अंश असतं! त्या उष्णतेत पूर्ण भरलेल्या बाटलीतला दाब १०० बार ओलांडतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात, म्हणजे तुलना कळेल. काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीच्या डिक्कीत अशी बाटली ठेवणं म्हणजे काय, ते सांगायला नको. तिच्यावर तांब्याची पातळ सुरक्षा-चकती असते, ती आधी फुटून गॅस सोडते. पण तिच्या जागी कोणी जाड वायसर ठोकलं असेल तर तीही आशा नाही.

म्हणून माझं मत: विदर्भात खेळायचं तर दाबलेल्या हवेची बाटली घ्यावी. तिच्यात २०० किंवा ३०० बारला हवा भरतात, पण तोंडावरचं रेग्युलेटर ती साधारण ५५ बारवर आणून गनेला देतं, ऊन असो की थंडी. तिथेही एक अडचण आहे. "आपला पंक्चरवाला भरून देईन ना," असं मावसभाऊ म्हणालाच. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारला दमतो. त्याला पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांच्या पाठीवरच्या टाक्या भरतात तसला कॉम्प्रेसर लागतो. वेल्डिंगवाल्याकडे मोठा सिलिंडर दिसतो म्हणून त्यातला ऑक्सिजन भरायचा विचारही करू नये. गनेतलं तेल आणि दाबलेला ऑक्सिजन एकत्र आले की पेट घ्यायला निमित्त लागत नाही.

बाटली घेताना तिच्यावर ठोकलेली चाचणीची तारीख वाचावी. जास्त दाबाच्या बाटल्यांची ठरावीक वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी व्हावी लागते, आणि देशात अशा सिलिंडरांना मान्यता देणारी पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, हिचं मुख्यालय नागपुरातच आहे. बाहेरदेशातून मागवलेली, मान्यतेचा ठसा नसलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. आणखी एक अपघात असा: गनेवरून बाटली फिरवून काढताना बाटलीऐवजी तिचा व्हॉल्व्हच उघडत जातो आणि बाटली रॉकेटसारखी सुटते. अमेरिकेत यात माणसं दगावली आहेत. त्यावर उपाय चार पैशांचा आहे. व्हॉल्व्ह आणि बाटलीच्या सांध्यावर नेलपॉलिशची आडवी रेघ ओढून ठेवायची. रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसले की हात काढून घ्यायचा.

गोळ्यांबद्दल थोडंसं. कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य. ज्यांना त्याचा विटाळ आहे त्यांना आधी सांगितलेलं बरं. आत पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि रंग, जो पाण्याने धुतला जातो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत गोळे फुगून नळीत अडकतात, उन्हात मऊ पडतात. बंद डब्यात, सावलीत ठेवावे. आणि मैदानावर पडलेले वेचून टाकावेत, कारण बरेच गोळे खाल्ले तर कुत्र्याच्या जिवावर बेततं, आणि वावरातलं कुत्रं काय तोंडात घेईल याचा नेम नाही.

बजेटचा पहिला रुपया मात्र गनेवर नाही, मास्कवर जावा. पेंटबॉलच्या मास्कसाठी एएसटीएम या अमेरिकेतल्या मानक संस्थेचं 'एएसटीएम एफ १७७६' हे मानक आहे, तो छाप काचेवर किंवा पट्ट्यावर शोधावा. वेल्डिंगचा गॉगल, मोटरसायकलचं हेल्मेट, फवारणीचा चष्मा, यांतलं काहीही चालत नाही. काच पॉलिकार्बोनेटची असते. तिच्यावरचा रंग थिनरने किंवा पेट्रोलने पुसला तर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि पुढचा गोळा ती फोडतो. पाणी आणि मऊ फडकं पुरतं. आपल्याकडे घामाने काचेवर वाफ धरते, आणि दिसेना म्हणून माणूस क्षणभर मास्क वर करतो. डोळे जातात ते बहुतेक याच क्षणाला. त्यामुळे दोन पदरांची, वाफ न धरणारी काच चार पैसे जास्त देऊन घ्यावी, आणि मास्क काढायची जागा मैदानाभोवतीच्या जाळीच्या बाहेर ठेवावी. तिथे येताना प्रत्येक गनेच्या तोंडावर कापडी टोपी चढलेली असावी.

हे सगळं ऐकून झाल्यावर मावसभावाने हळूच खरा प्रश्न काढला. "दादा, जागलीले डुकराले मारता येईन का यानं? निदान रोही त पयतीन." डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, हाकलायला धुऱ्यावर रात्र काढणाऱ्या माणसाचा हा प्रश्न मला समजतो. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला जखमी करणंही येतं, आणि अंधारात मारलेला गोळा डोळ्यालाच लागणार नाही याची हमी कोण देणार? शिवाय जाड कातडीच्या डुकराला तीन ग्रॅमचा ठोसा किती वेळ आठवणार! परवान्याचंही तसंच. २०१६ च्या शस्त्र नियमांनी एअरगनसाठी २० ज्यूल आणि साडेचार मिलिमीटर नळी या रेघा आखल्या आहेत. पेंटबॉलची ऊर्जा पहिल्या रेघेखाली बसते, पण नळी दुसरीच्या कितीतरी पुढे जाते. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर न जाता जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र शाखेला लेखी विचारून मगच पैसे मोजावेत. आणि रस्त्याने नेताना गन पिशवीत असावी; लांबून ती खरीच दिसते.

त्याने आधी बारा मास्क घेतले, मग लेखी उत्तर हातात आल्यावर सहा गना. वेगाचं यंत्र विहिरीजवळच्या शेडमध्ये टेबलावर बसवलं आहे, आणि २८० च्या वर आकडा दिसला की ती गन त्या दिवशी खुंटीला लटकते. एप्रिल लागला की मैदान बंद. पोरं तेव्हा विहिरीत उड्या मारतात.